जँगोवरील वेबसेवेत एरर ट्रॅकिंग ऐच्छिक कसे ठेवावे?

प्रश्न : ग्रंथालय_प्रणाली

नमस्कार,

सार्वजनिक वाचनालयांसाठी आम्ही तिघांनी मिळून एक मुक्तस्रोत वेबसेवा लिहिली आहे. पुस्तकांची देवघेव, सभासदांची वर्गणी व अनामत आणि ग्रंथसूचीतील शोध एवढी कामे ती सांभाळते. पायथन भाषा आणि तिच्यातली जँगो ही वेबसेवांची चौकट यांवर ती उभी आहे, आणि डॉकर कंपोझ या सेवा बसवण्याच्या साधनाच्या साहाय्याने प्रत्येक वाचनालय ती आपापल्या सर्व्हरवर बसवते. आमच्याकडे मध्यवर्ती सर्व्हर नाही. त्यामुळे एखाद्या ठिकाणी काही बिघडले तर ते आम्हाला ग्रंथपालांच्या फोनवरूनच कळते, आणि तोपर्यंत बहुधा दोन-तीन दिवस उलटलेले असतात. "पुस्तक परत जमा करताना पान उघडत नाही" एवढ्या वर्णनावरून कोडमधली नेमकी ओळ शोधणे कठीण असते, आणि सर्व्हरवर जाऊन लॉग काढून पाठवा असे ग्रंथपालांना सांगणे रास्त नाही.

म्हणून सेंट्री, म्हणजे आलेल्या एरर आपोआप एका सर्व्हरवर गोळा करणारी एरर ट्रॅकिंगची सेवा, जोडायचे ठरवले. काही वाचनालयांनी लगेच होकार दिला. मात्र अ वर्गातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने स्पष्ट कळवले की, सभासदांविषयीची कोणतीही माहिती वाचनालयाबाहेरच्या सर्व्हरवर जाता कामा नये. कोण काय वाचतो ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. तेव्हा ही सोय ऐच्छिक असावी आणि मुळात बंदच असावी, एवढे आमच्यात नक्की झाले आहे.

अडचण त्यानंतर उद्भवली. मागच्या आवृत्तीत मी सेटिंग्जच्या फाइलमध्येच सेंट्रीचे इनिट, म्हणजे ती सुरू करणारे फंक्शन, थेट लिहिले, डीएसएन, म्हणजे एरर जिथे पाठवायच्या तो पत्ता, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून, घेतला, आणि नमुन्याच्या एन्व्ह फाइलमध्ये त्या जागी 'येथे पत्ता भरा' असे लिहून ठेवले. ज्यांनी ती फाइल जशीच्या तशी वापरली, त्यांची सेवा नव्या आवृत्तीवर सुरूच झाली नाही. लॉगमध्ये 'बॅड डीएसएन, अनसपोर्टेड स्कीम', म्हणजे पत्त्याची सुरुवातच चुकीची, एवढीच नोंद होती. तो शनिवार होता. शनिवारी संध्याकाळी देवघेवीच्या खिडकीवर सर्वांत जास्त गर्दी असते, आणि ज्या सोयीशी त्या वाचनालयाचा काही संबंधच नव्हता, तिच्यापायी ग्रंथपालांना जुनी वही काढून पेनाने नोंदी कराव्या लागल्या. ही चूक सर्वस्वी माझी होती आणि ती पुन्हा घडू नये, अशी माझी तळमळ आहे.

पत्ता दिलेला नसेल, चुकीचा असेल किंवा सेंट्रीचे पॅकेजच बसवलेले नसेल, या तिन्ही स्थितींत सेवा निर्वेध चालावी यासाठी कोडची मांडणी कशी करावी? आणि ज्यांनी होकार दिला आहे, त्यांच्याकडूनही सभासदांचे नाव, मोबाईल क्रमांक किंवा त्यांनी नेलेली पुस्तके बाहेर जाणार नाहीत याची खात्री कशी करून घ्यावी? 'सेंड डिफॉल्ट पीआयआय' हे व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती पाठवण्याचे सेटिंग मी बंदच ठेवले आहे. तेवढे पुरते का?

उत्तर : सर्व्हर_देखभाल

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाविषयी लिहितो. माहितीच्या गोपनीयतेवर माझ्यापेक्षा अधिक जाणकार मंडळी येथे आहेत.

सेंट्रीची पायथन लायब्ररी, म्हणजे आपल्या कोडमध्ये जोडायचा तयार कोडचा संच, मुळात ऐच्छिक वापराला अनुकूल आहे. इनिटला पत्ता दिलाच नाही, तर ती स्वतःहून सेंट्री डीएसएन नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहते, आणि तोही नसेल तर काहीही न पाठवता गप्प राहते. रिकामी स्ट्रिंग दिली तरी परिणाम तोच. खरा धोका तिसऱ्या स्थितीत आहे: पत्ता रिकामा नाही, पण पत्ताही नाही. अशा वेळी लायब्ररी स्वतःच एरर देते, आणि इनिट सेटिंग्जच्या फाइलमध्ये असल्यामुळे त्या एका ओळीवर सगळा जँगो अडतो. आपल्या 'येथे पत्ता भरा' या मजकुराने नेमके हेच केले.

याच जातीचा आणखी एक घोळ मी अनेकदा पाहिला आहे. डॉकर कंपोझच्या फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंटची यादी डॅश देऊन लिहिली आणि बरोबरच्या चिन्हानंतरचा पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घातला, तर ती चिन्हे व्हॅल्यूचा भाग म्हणून तशीच आत जातात. पत्ता मग एचटीटीपीएसने सुरू न होता अवतरणचिन्हाने सुरू होतो आणि लायब्ररी पुन्हा 'अनसपोर्टेड स्कीम' म्हणते. ज्याने तो भरला त्याला मात्र पत्ता डोळ्यांसमोर अगदी बरोबर दिसत असतो, त्यामुळे तासन्‌तास जातात. म्हणून पत्ता वाचल्यावर दोन्ही बाजूंची मोकळी जागा आणि अवतरणचिन्हे आपल्या कोडनेच काढून टाकावीत. नमुना फाइलमध्ये ती ओळ पुढे हॅश लावून निष्क्रिय ठेवावी. समजावणीचा मजकूर वरच्या ओळीत लिहावा, व्हॅल्यूच्या जागी कधीही लिहू नये.

यानंतर इनिट एका स्वतंत्र फाइलमधल्या एका फंक्शनमध्ये न्यावे. त्या फंक्शनने पत्ता रिकामा असेल तर लगेच परतावे. नसेल तर तिथेच, फंक्शनच्या आत, लायब्ररी इम्पोर्ट करावी. आणि इम्पोर्ट फसला किंवा पत्ता चुकीचा निघाला तर लॉगमध्ये ठळक इशारा लिहून सेवा पुढे चालू द्यावी. डेटाबेसचा पत्ता चुकीचा असेल तर सेवा सुरू होता कामा नये, कारण त्याच्याविना ती निरुपयोगी आहे. एरर ट्रॅकिंगचे तसे नाही. पण इशारा न लिहिता चूक गिळून टाकणे हेही तितकेच घातक आहे, कारण ज्याने विचारपूर्वक पत्ता भरला तो महिनोन्‌महिने 'एकही एरर नाही' या समाधानात राहतो. यासाठी मी सेवा सुरू होताना दर वेळी एक ओळ लिहवतो: 'एरर ट्रॅकिंग बंद आहे' किंवा 'एरर ट्रॅकिंग चालू आहे', आणि चालू असेल तर कोणत्या सर्व्हरकडे पाठवले जात आहे त्याचे फक्त नाव. वाचनालयाच्या मंडळाने विचारले तर ती ओळच उत्तर म्हणून दाखवता येते.

उरलेल्या सगळ्या कोडमध्ये सेंट्रीचे नावसुद्धा येऊ देऊ नये, असा माझा आग्रह आहे. जागोजागी 'कॅप्चर एक्सेप्शन' हे सेंट्रीचे एरर पाठवणारे फंक्शन लिहिले की पॅकेज नसलेल्या ठिकाणी तीच जागा फुटते. त्याऐवजी पायथनचा नेहमीचा लॉगर वापरावा. सेंट्री चालू असेल तर एरर पातळीची लॉग नोंद ती आपोआप उचलते आणि तिच्या आधीच्या इन्फो पातळीच्या नोंदी पाऊलखुणा म्हणून सोबत जोडते. बंद असेल तर तीच नोंद फाइलमध्ये राहते. एकच ओळ दोन्हीकडे उपयोगी पडते.

पॅकेज ऐच्छिक ठेवायचे असेल, तर पायप्रोजेक्ट या प्रकल्पाच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ऐच्छिक अवलंबनांचा विभाग आहेच. तरीही डॉकर इमेजमध्ये, म्हणजे वाचनालये बसवतात त्या तयार संचात, ते कायम घालावे असे मी सुचवीन. ते स्वतः यूआरएललिब३ आणि सर्टिफाय या दोन पॅकेजांवरच विसंबते, आणि दोन वेगळ्या इमेज सांभाळण्यापेक्षा एवढे ओझे परवडते.

चालू असताना सेंट्रीचा सर्व्हर बंद पडला किंवा वाचनालयाचे इंटरनेट गेले, तर देवघेव थांबेल अशी भीती बाळगू नये. पाठवण्याचे काम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे मुख्य कामाला समांतर, होते, आणि रांग भरली की नव्या नोंदी सोडून दिल्या जातात. क्रॉनने ठरल्या वेळी चालणाऱ्या कमांड मात्र शेवटी शिल्लक नोंदी पाठवण्यासाठी दोन सेकंदांपर्यंत थांबतात, हे ध्यानात असू द्यावे. जँगो चालवण्यासाठी युडब्ल्यूएसजीआय हा सर्व्हर वापरत असाल तर थ्रेड चालू असल्याची खात्री करावी, अन्यथा सगळे सेटिंग बरोबर असूनही एकही नोंद पोहोचत नाही.

टेस्ट चालवताना पत्ता म्हणून स्पष्टपणे रिकामी स्ट्रिंग द्यावी, 'नन' (पायथनमधले 'काहीच नाही') देऊ नये. 'नन' दिल्यास लायब्ररी आपल्या शेलमधला व्हेरिएबल उचलते, आणि तो दुसऱ्याच एखाद्या प्रकल्पाचा असेल तर आपल्या टेस्टमधल्या मुद्दाम घडवलेल्या एरर त्या प्रकल्पात जाऊन पडतात.

उत्तर : माहिती_सुरक्षा

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की, 'सेंड डिफॉल्ट पीआयआय' बंद ठेवणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. त्या सेटिंगमुळे कुकी, लॉगिन केलेल्या व्यक्तीची ओळख आणि आयपी पत्ता जात नाही. सभासदाची माहिती मात्र इतर चार वाटांनी बाहेर पडू शकते.

पहिली वाट स्टॅक ट्रेसमधल्या, म्हणजे एररपर्यंत पोहोचलेल्या फंक्शनांच्या माळेतल्या, लोकल व्हेरिएबलची आहे. एरर आली त्या क्षणी प्रत्येक फंक्शनमध्ये कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय होते, हे सेंट्री मुळातच पाठवते. पासवर्ड, सीक्रेट अशा नावांच्या व्हेरिएबलवर ती पडदा टाकते, पण ही गाळणी नावावरून चालते. आपल्या कोडमध्ये 'सभासद' नावाचे व्हेरिएबल असेल तर त्यावर पडदा पडणार नाही. त्यात जँगोच्या मॉडेलचा, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदीचा, ऑब्जेक्ट असतो आणि तो मजकुरात उतरताना त्या मॉडेलचे एसटीआर फंक्शन जे परत देते तेच दिसते. ॲडमिनच्या यादीत ओळखायला सोपे जावे म्हणून पुष्कळ जण त्या फंक्शनमधून नाव आणि मोबाईल क्रमांक परत देतात. आपणही आपले फंक्शन एकदा उघडून पाहावे. माझ्या मते तिथून केवळ सभासद क्रमांक परत द्यावा. त्याने लॉग फाइलही स्वच्छ होते. आणि लोकल व्हेरिएबल पाठवण्याचे सेटिंग सुरुवातीला पूर्ण बंद ठेवावे. दोष शोधताना त्यांचा उपयोग मोठा असतो, हे मान्य आहे. तरी वाचनालयाच्या बाबतीत मी तो सोडून देईन.

दुसरी वाट रिक्वेस्टची, म्हणजे ब्राउझरकडून आलेल्या मागणीची. फॉर्ममध्ये भरलेला मजकूर एका आकारमर्यादेपर्यंत पाठवला जातो, आणि हे वर सांगितलेल्या पीआयआय सेटिंगवर अवलंबून नाही. रिक्वेस्ट बॉडीच्या आकाराचे सेटिंग 'नेव्हर' केले की तो थांबतो. वेबपत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचा भागही काढावा लागेल, कारण ग्रंथसूचीत कोणी काय शोधले ते तिथेच असते. तिसरी वाट आधीच्या उत्तरात आलेल्या पाऊलखुणांची: 'अमुक मोबाईलवर मुदतीचा संदेश पाठवला' अशी इन्फो नोंद आपल्या कोडमध्ये कुठे असेल, तर पुढे येणाऱ्या एररबरोबर तीही जाईल.

चौथी वाट सर्वांत सहज निसटते. समजा, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मोबाईल क्रमांकाच्या रकान्यावर एकमेवतेचे बंधन आहे आणि देवघेवीच्या खिडकीवर तोच क्रमांक पुन्हा नोंदवला गेला. तेव्हा इंटेग्रिटी एररच्या (बंधन मोडल्याच्या) संदेशातच 'डिटेल' या शब्दापुढे रकान्याचे नाव आणि तो प्रत्यक्ष क्रमांक कंसात छापलेला असतो. शिवाय जँगो डेटाबेसची मूळ एरर स्वतःच्या एररमध्ये गुंडाळतो, त्यामुळे पाठवल्या जाणाऱ्या नोंदीत तोच मजकूर दोन जागी येतो. नोंद पाठवण्याआधी चालणाऱ्या 'बिफोर सेंड' या फंक्शनमध्ये साखळीतल्या प्रत्येक एररचा संदेश तपासून 'डिटेल'पासून पुढचा भाग कापून टाकावा लागतो. एकच कापला तर दुसरा तसाच जातो.

याच 'बिफोर सेंड'मध्ये मी नेहमी उलट पद्धत वापरतो: काय काढायचे याची यादी न करता काय ठेवायचे याची करतो. एररचा प्रकार, छाटलेला संदेश, फाइल, फंक्शन, ओळ आणि आवृत्ती एवढेच ठेवून बाकी सगळे गाळले, तर उद्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीने एखादा नवा रकाना जोडला तरी तो आपोआप बाहेर जात नाही.

एक गोष्ट कायद्याच्या अंगाने सांगावीशी वाटते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो त्याच्यावर जबाबदारी टाकलेली आहे, आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी ती जबाबदारी त्याच्याकडेच राहते. आपल्या बाबतीत तो ठरवणारा म्हणजे वाचनालय. तेव्हा आपला स्वतःचा पत्ता कोडमध्ये पक्का लिहून 'नको असेल तर बंद करा' असे सांगू नये. होकार लेखी घ्यावा, आणि नेमके काय जाते याचा एक प्रत्यक्ष नमुना, छापून, मंडळासमोर ठेवावा.

उत्तर : लहान_सर्व्हर

ज्या मंडळाने नकार दिला त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे. सेंट्री स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, पण तिच्यासोबत काफ्का, क्लिकहाउस, रेडिस, पोस्टग्रेस अशा इतर प्रणालींचा मोठा पसारा येतो आणि १६ जीबी मेमरी ही तिची किमान अपेक्षा आहे. वाचनालयाला ते परवडणारे नाही. ग्लिचटिप ही मुक्तस्रोत प्रणाली मात्र सेंट्रीच्याच लायब्ररीकडून येणाऱ्या नोंदी स्वीकारते, जँगोवरच लिहिलेली आहे आणि लहान सर्व्हरवर निभावते. आपल्या कोडमध्ये काहीच बदलावे लागत नाही. डीएसएन तेवढा बदलतो. वाचनालयाच्या इमारतीतल्याच संगणकावर ती बसवली, तर माहिती बाहेर जात नाही.

तेही जड वाटत असेल, तर जँगोची ॲडमिन्सना ईमेल पाठवण्याची जुनी सोय पुरेशी आहे. डीबग बंद असताना ५०० क्रमांकाची, म्हणजे सर्व्हरच्या आतली, एरर आली की ती आपोआप ईमेल करते.

प्रत्युत्तर : माहिती_सुरक्षा

ग्लिचटिपविषयी सहमत आहे. ईमेलच्या सोयीविषयी मात्र सावध करणे भाग आहे. त्या ईमेलमध्ये स्टॅक ट्रेसबरोबरच फॉर्ममधून आलेला मजकूर आणि कुकीसुद्धा छापलेल्या असतात, आणि त्या कोणाच्या तरी खासगी मेलबॉक्समध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात. ज्या मंडळाने सेंट्रीला नकार दिला, त्यांच्याकडे ही सोय न विचारता चालू करणे हा त्यांच्या निर्णयाचा भंग ठरेल. ती वापरायचीच असेल, तर फॉर्ममधला संवेदनशील मजकूर (पोस्ट पॅरामीटर) झाकणारे जँगोचे डेकोरेटर आधी त्या व्ह्यूंना, म्हणजे पाने दाखवणाऱ्या फंक्शनांना, लावावेत.

प्रत्युत्तर : ग्रंथालय_प्रणाली

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सभासदाच्या मॉडेलचे एसटीआर फंक्शन आजच उघडून पाहिले. त्यात नाव, मोबाईल क्रमांक आणि गल्लीचे नाव असे तिन्ही होते, आणि ते मीच लिहिले होते. आता तिथे फक्त सभासद क्रमांक आहे. इनिट वेगळ्या फाइलमध्ये नेले, लोकल व्हेरिएबल आणि रिक्वेस्ट बॉडी बंद केली, आणि 'बिफोर सेंड'साठी तोच मोबाईल क्रमांक दोनदा नोंदवणारी एक टेस्ट लिहिली. संदेश एकाच जागी कापला होता तेव्हा ती टेस्ट फसली, म्हणजे क्रमांक खरोखरच दुसऱ्या जागेवरून जात होता.

एक नवी अडचण आली आहे. एरर आल्यावर ग्रंथपालांनी आम्हाला फोनवर सांगावा असा एक क्रमांक पानावर दाखवायचा आहे. त्यासाठी सेंट्रीचा 'लास्ट इव्हेंट आयडी', म्हणजे शेवटच्या नोंदीचा ओळखक्रमांक, वापरला, तर ट्रॅकिंग बंद असलेल्या ठिकाणी क्रमांकाच्या जागी 'नन' असा शब्द येतो, आणि चालू असलेल्या ठिकाणीही तो क्रमांक ३२ अक्षरांचा असल्यामुळे फोनवर सांगताना चुकतो.

उत्तर : सर्व्हर_देखभाल

तो क्रमांक सेंट्रीकडून घेऊच नये. प्रत्येक रिक्वेस्टच्या सुरुवातीला आपल्या मिडलवेअरने, म्हणजे दर रिक्वेस्टला मधे चालणाऱ्या कोडने, सहा अंकांचा एक क्रमांक तयार करावा, तो लॉगच्या प्रत्येक ओळीत छापावा, आणि ट्रॅकिंग चालू असेल तर टॅग म्हणून नोंदीलाही जोडावा. वरच्या 'काय ठेवायचे' या यादीत टॅग घालायला विसरू नये. अक्षरे मिसळू नयेत, केवळ अंक ठेवावेत. मराठीत फोनवर ते न अडखळता सांगता येतात. अंक सहाच असल्यामुळे क्वचित एखादा क्रमांक पुन्हा येईल, पण दिवस आणि वेळ सोबत विचारली की नोंद ओळखता येते.

येथे एक खाचखळगा आहे. जँगो ५०० चे पान दाखवताना टेम्प्लेटला, म्हणजे पानाच्या साच्याला, बाहेरची कोणतीही माहिती देत नाही, त्यामुळे मिडलवेअरने रिक्वेस्टवर ठेवलेला क्रमांक नेहमीच्या पद्धतीने तिथे छापला जात नाही. त्यासाठी स्वतःचा ५०० हँडलर (ते पान दाखवणारे फंक्शन) लिहून क्रमांक हाताने द्यावा लागतो. त्या हँडलरमध्ये डेटाबेसला अजिबात हात लावू नये, कारण एरर डेटाबेसचीच असेल तर हँडलरही फसेल आणि ग्रंथपालांना पुन्हा कोरे पानच दिसेल.

प्रत्युत्तर : ग्रंथालय_प्रणाली

आपण सांगितल्याप्रमाणे बदल करून नवी आवृत्ती आधी नकार दिलेल्या वाचनालयातच बसवली, कारण ट्रॅकिंग बंद असताना सर्व काही नीट चालते का, हेच मला पाहायचे होते. सुरुवातीच्या ओळीत 'एरर ट्रॅकिंग बंद आहे' असे आले, आणि त्यांच्या सचिवांच्या विनंतीवरून त्या ओळीची छापील प्रत त्यांच्या फाइलला लावली. चौथ्या दिवशी तिथल्या ग्रंथपाल ताईंचा फोन आला: "वर्गणीची पावती निघत नाही, पानावर चार शून्य सात दोन दोन नऊ आले आहे." त्यांच्याच परवानगीने सर्व्हरवरच्या लॉगमध्ये तो क्रमांक शोधला आणि दोन मिनिटांत ओळ सापडली: अनामत परत केलेल्या सभासदाच्या पावतीत रक्कम रिकामी येत होती. दुरुस्ती त्याच संध्याकाळी पाठवली.